पाण्याला लागलेली नजर

माझ्या साडूने बंगल्यामागे पोहण्याचा टँक बांधला तेव्हा सगळ्या सासुरवाडीने त्याचं कौतुक केलं आणि मी पावलांनी मापून त्याचं आकारमान काढलं. लांबी तीस फूट, रुंदी पंधरा, खोली एका टोकाला तीन आणि दुसऱ्या टोकाला पाच. सरासरी चार धरली तर अठराशे घनफूट होतात, म्हणजे जवळजवळ एक्कावन्न हजार लिटर पाणी. आमच्याकडे नळ सकाळी तासभर यायचा. परत येताना सायकलरिक्षात मी बायकोला म्हटलं, "एवढ्या पाण्यात आपलं घर सहा महिने चाललं असतं."

"सुरेख आहे म्हटलं असतं तर तोंड दुखलं असतं काय?" ती म्हणाली.

"सुरेख नाही असं कुठं म्हटलं? मोठा आहे एवढंच म्हटलं."

"तुमचं मोठं म्हणजे काय, ते मला समजते."

तिला समजत होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती.

ही १९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट. मी पंचेचाळिशीला आलो होतो आणि एका वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. बॉयलरला जाणारं पाणी रोज तपासायचं, त्यात काय किती आहे ते काढायचं, जास्त असेल ते कमी कसं करायचं ते सांगायचं, एवढंच माझं काम. या कामाला घरात कुणी काम म्हणत नसे. सासरी माझी ओळख "ते पाणी पाहतात" अशी करून दिली जायची, आणि नवीन माणसाला वाटायचं की मी विहिरींच्या जागा दाखवतो.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो कूलर बनवायचा. सुरुवातीला तो सायकलच्या मागे खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बांधून धरमपेठेत घरोघर फिरलेला मी पाहिला आहे. नागपूरचा उन्हाळा त्याला पावला. पुढे कारखाना झाला, टेलिफोन आला, गाडी आली, वर्धा रोडच्या बाजूला बंगला झाला. या कशानेच मला काही झालं नाही असं मी म्हणत नाही. फ्रिज आला तेव्हा झालं होतं. पण ते चार दिवसांत गेलं. टँकचं तसं नव्हतं, कारण टँक मामाजींसाठी बांधला होता.

मामाजी म्हणजे आमचे सासरे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर थोरल्या मुलाकडे अजनीला राहायचे, सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझे वडील मी शाळेत असताना वारले, त्यामुळे मोठ्या माणसाशी बसून बोलायची सवय मला लागली ती मामाजींमुळे. दर रविवारी सकाळी ते रिक्षाने आमच्याकडे यायचे. पोहे व्हायचे, मग आम्ही दोघं बेझिक खेळायचो. हा पत्त्यांचा डाव दोघांचाच असतो, तिसऱ्याला त्यात जागा नसते, आणि मला तो त्याचसाठी आवडायचा. इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम जोडीने दाखवले की गुण मिळतात, आणि ते गुण मी मांडायचो. मामाजी पत्ते लपवायचे, चोरून दुसऱ्यांदा राणी-गुलाम दाखवायचे आणि पकडले गेले की म्हणायचे, "पाहून राह्यलो होतो, मोठे जवाई जागे हायेत की झोपले." दुपारी जेवण, मग ते तिथेच सतरंजीवर आडवे व्हायचे. संध्याकाळी पोराच्या लग्नापासून गावच्या वाटणीपर्यंत सगळं मला विचारायचे. धाकट्या जावयाकडे ते दिवाळीला जायचे. दिवाळी वर्षातून एकदा येते आणि रविवार बावन्न वेळा, हा हिशेब मी मनात नेहमी करायचो.

मग मामाजींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं की छातीइतक्या पाण्यात रोज चालता आलं तर वजन पडणार नाही आणि गुडघे सुटतील. हे आमच्याच घरी, पोह्यांच्या वेळी, मामाजींनी हसत हसत सांगितलं. "आता छातीइतकं पाणी कुठं पाहू बाप्पा? अंबाझरीच्या तलावात जाऊन उभा राहू काय?" मीही हसलो. साडू त्या दिवशी त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, सोडायला आला होता. तो दारात उभा होता आणि तो हसला नाही.

दोन महिन्यांत टँक उभा राहिला.

त्यानंतरचा पहिला रविवार मला आठवतो. पोहे झाले होते. बायकोने ते दोनदा गरम केले. नंतर कळलं की साडूने सकाळीच गाडी पाठवून मामाजींना नेलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग ती पद्धतच पडली. मामाजी पाण्यात चालायचे, मेहुणीच्या हातचं जेवायचे आणि संध्याकाळी गाडीने घरी जायचे. एकदा जाताना त्यांनी आमच्या फाटकापाशी गाडी थांबवली आणि न उतरता काचेतूनच म्हणाले, "लई मोकळे झाले ना जी गुडघे. तुम्ही बी या एखाद्या वेळी." मला त्या काचेचा राग आला. ती खाली करायला ड्रायव्हरने आतून काहीतरी गोल फिरवलं होतं, तेही मी पाहून ठेवलं.

मी एखाद्या वेळी गेलो. काठावर खुर्ची टाकून बसलो. मला पोहता येत नाही. साडूलाही येत नव्हतं, पण टँक त्याचा होता, त्यामुळे त्याला ते शोभत होतं.

एप्रिलमध्ये त्याने टँक रिकामा केला. आतलं सिमेंट राखाडी दिसतं, पाणी कसं निळंशार दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मुंबईच्या एका हॉटेलात त्याने तसा पाहिला होता. मग त्याने जे केलं ते आपल्याकडचाच माणूस करील. घराला देतात तसा टँकच्या आतून चुना दिला, चुन्यात नीळ घालून, दोन हात. वाळल्यावर टँक इतका सुंदर दिसत होता की मी दुसरीकडे पाहिलं. बोअरच्या पाण्याने भरला आणि अक्षय तृतीयेला, पाण्याचा सण म्हणून, मेहुणीने पूजा ठेवली. आम्हीही गेलो.

मेहुणीने पायरीवर पाट मांडला, नारळ ठेवला आणि हळदीची चिमूट पाण्यावर सोडली. हळद पाण्याला लागली आणि तांबडी झाली. तिने पुन्हा सोडली. पुन्हा तांबडी.

"माय वं!" ती मागे सरली. "बाबा, हे पाहा काय झालं!"

मामाजी धोतर खोचून उतरायच्या तयारीत बसले होते. ते वाकले, बोटाने पाणी हलवून पाहिलं आणि म्हणाले, "नजर लागली पाण्याले."

"कोनाची?" साडूने विचारलं.

"आता कोनाची म्हणून सांगू? येवढे लोक पाहून जातात."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच आंब्याच्या झाडाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नजर-बिजर काही नाही. भिंतीचा चुना पाण्यात उतरला आहे. आज कुणी उतरू नका, अंगाला चावेल."

"भाऊ, कालच तर ताजं पाणी भरलं," साडू म्हणाला. "तुम्ही बॉयलर इथं नका आणू जी."

सगळे हसले. मामाजीही. मेहुणी आत गेली, मीठ-मिरच्या घेऊन आली आणि टँकच्या चारही कोपऱ्यांवरून तिने दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका आला नाही, म्हणजे नजर भारी होती असं ठरलं. मी काठावर हात बांधून उभा होतो. माझी नजर त्या टँकवर नव्हती असं मी म्हणणार नाही, ती तीन महिने होती. पण नजरेने हळद लाल होत नाही. चुन्याने होते.

मामाजी लेकीचं मन मोडू नये म्हणून उतरले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि पोटऱ्या खाजत होत्या. रात्रीपर्यंत अंगावर पुरळ आलं.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. मी आतून घंटी ऐकली आणि ओळखली. मामाजी पायांना खोबरेल तेल लावून आले होते, काठी टेकत, रिक्षावाल्याचा हात धरून. गुडघे पुन्हा धरले होते. मला वाईट वाटायला हवं होतं आणि ते वाटलंही. पण पत्ते पिसताना मी गुणगुणत होतो, असं बायकोने मला नंतर सांगितलं.

तीन रविवार असे गेले. मामाजी यायचे, हरायचे, भांडायचे, झोपायचे. उठताना मात्र त्यांना वेळ लागायचा. सतरंजीवरून उठायला आधी ते एक हात भिंतीला लावायचे, मग दुसरा माझ्या खांद्यावर, मग थोडा वेळ तसेच थांबायचे. खांद्यावर त्यांचं वजन पडायचं. मी बाजेवर बसा म्हटलं तर ऐकत नसत.

चौथ्या रविवारी डाव रंगात असताना साडूची गाडी आली. त्याच्या हातात सरबताची जुनी बाटली होती आणि तिच्यात दुधाळ पाणी. त्याने ती आमच्या पत्त्यांजवळ ठेवली.

"भाऊ, जरा पाहा ना जी काय झालं ह्याले. ब्लिचिंग पावडर टाकली, आणखी पांढरं झालं. तुरटी टाकली. एक महाराज आणून दाखवले."

"महाराज काय म्हणाले?"

"म्हणे जागा बदला."

"आता टँक उचलून कुठं नेतं?" मामाजी म्हणाले आणि त्यांनी त्या गडबडीत इस्पिकची राणी खाली सरकवलेली मी पाहिली. या वेळी पकडली नाही.

मी आत गेलो, दोन पेले आणले. एकात आमच्या नळाचं पाणी, एकात बाटलीतलं. स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला आणि दोन्हीत चिमूट टाकली. नळाच्या पाण्यात हळद पिवळीच राहिली. बाटलीच्या पाण्यात लाल झाली.

बायको दारातून पाहत होती. "हे तर कुंकू झालं," ती म्हणाली. "आमची आजी घरी करायची, हळदीत चुना कालवून."

"तेच," मी म्हटलं. "टँकमध्ये कुंकू कालवलं यांनी."

साडू पेल्याकडे पाहत राहिला. मग त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे ते दोन हात मारले ते?"

"ते दोन हात."

मामाजींनी पत्ते पालथे ठेवले. "मंग आता दुरुस्त होते काय हे पानी, मोठे जवाई?"

ते माझ्याकडे पाहत होते. साडू पाहत होता. पाणी फेकून द्या, खरवडून पुन्हा भरा, असं सांगता आलं असतं. पण मे महिना होता, त्याची बोअर दिवसातून अर्धा तास ओढत होती, टँक दिवाळीपर्यंत भरला नसता. म्हणजे दिवाळीपर्यंतचे रविवार माझे. ते तसं उघड दिसत होतं, पेल्यातल्या रंगासारखं.

"होते," मी म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं.

सोमवारी मी साहेबांची परवानगी काढून त्या पाण्याची नीट तपासणी केली. इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पीएच म्हणजे पाणी या घडीला लिंबाच्या बाजूला आहे की साबणाच्या, त्याचं माप. सात हा मध्य. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात अॅसिड पचवण्याची ताकद किती आहे, त्याचं माप. टँकच्या पाण्याचा पीएच साडेनऊ होता आणि अल्कलिनिटी दहा लाख भागांत तीनशे वीस भाग. पोहायच्या पाण्याला शंभर-सव्वाशे पुरे. पीएच साडेसात पाहिजे. यात सगळा दोष चुन्याचा नव्हता. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार फार, त्यावर चुना, त्यावर ब्लिचिंग पावडर, जिच्यात पुन्हा चुनाच असतो.

आधी भिंतींचा चुना काढायला हवा होता, नाही तर जेवढं कमी करू तेवढं पुन्हा उतरणार. ज्या पेंटरने चुना दिला होता त्यालाच साडूने अंगाला तेल चोपडून पाण्यात उतरवलं आणि काथ्याच्या ब्रशने भिंती घासून घेतल्या. निवळायला दोन दिवस दिले. तळाशी बसलेला गाळ रबरी नळीने ओढून बाहेर सोडला.

मग अॅसिड. फरशा धुवायला वापरतात तेच, मिठाचं. तीनशे वीसवरून शंभरावर यायचं म्हणजे दोनशे वीस भाग कमी करायचे. एक्कावन्न हजार लिटरला साधारण साडेबावीस लिटर अॅसिड लागत होतं. पण सगळं एकदम ओतलं तर पाणी लिंबाच्या बाजूला फार झुकतं आणि सिमेंट खायला लागतं. म्हणून थोडं ओतायचं, पीएच सातापर्यंत आणायचा, आणि मग पाण्याला हवा द्यायची. अॅसिडने जो वायू पाण्यात तयार होतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच, तो हवेने उडून जातो. तो गेला की पीएच आपोआप वर चढतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. मग पुन्हा अॅसिड, पुन्हा हवा. टप्प्याटप्प्याने. यात जादू काही नाही, घाई मात्र चालत नाही.

मी रजा काढली. पहिले आठ लिटर खोल बाजूला, काठाकाठाने, अॅसिड सावकाश पाण्यात ओतलं. साडू नाकाला रुमाल लावून लांब उभा होता. "मी ओतू काय?" असं त्याने तीनदा विचारलं. मी नाही म्हटलं. तासाभराने पाणी काढून पीएच पाहिला. सात पूर्णांक एक. हिशेबाप्रमाणे.

"आता हवा," मी म्हटलं. "पंपाची नळी वर बांधू, झारीसारखी भोकं पाडू, पाणी उंचावरून पडू देऊ. आठवडा लागेल."

साडूने टँककडे पाहिलं, मग बंगल्याच्या खिडकीतल्या कूलरकडे. "वरून पडू द्यायचं, अन् हवा लागली पाहिजे. एवढंच ना?"

"एवढंच."

"मंग कूलर काहून नाही लावत?"



तो गेला आणि कारखान्यातून टेम्पोत सहा मोठे कूलर घेऊन आला, बाजारात हॉलसाठी विकतात ते. ताट्या काढलेले, नुसता जाळीचा सांगाडा, वर पाणी पडायची पन्हळ, मागे पंखा. दोघा माणसांनी ते टँकच्या काठावर विटा लावून आत कलते बसवले. पंपाचं पाणी पन्हळीत सोडलं, ते जाळीवरून थेंब थेंब होऊन खाली टँकमध्ये पडायला लागलं आणि मागून पंख्याचा वारा. आमच्या वीजकेंद्रात हेच काम करायला दोन मजली मनोरा आहे.

"खस लावू काय? वास छान येईल," तो म्हणाला.

"खस नको. पाणी चहासारखं होईल."

हे एकच वाक्य मला बोलायला उरलं होतं. आठवड्याचं काम दीड दिवसात होणार होतं. माझ्या विषयातली, सगळ्या सासुरवाडीत फक्त मला येणारी ही एकच गोष्ट होती, आणि तिच्यातही याला माझ्यापेक्षा चांगलं सुचलं. मी पीएच पुन्हा पाहिला. चढत होता. मनात आलं, थोडा कमी चढावा. पण तो आपला चढत होता.

दुपारी ऊन इतकं होतं की काठावर पाय ठेवता येईना. आम्ही आंब्याखाली बाजेवर बसलो. कूलरच्या वाऱ्याचा झोत पाण्यावरून आमच्याकडे येत होता आणि मेच्या दुपारी नागपुरात कुणाला मिळणार नाही असा गारवा होता. साडूने कलिंगड कापलं.

"भाऊ, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"तुम्ही दोघं दिवसभर काय बोलता जी? रविवारी?"

"पत्ते खेळतो."

"ते माहीत आहे. मी सुरुवातीला दर रविवारी गाडी काढायचो अन् तुमच्या गल्लीतून न्यायचो. मामाजी खिडकीत दिसायचे, हात हलवून भांडून राहिले तुमच्याशी. माझ्याशी ते कधी भांडले नाही. माझ्याकडे आले की सोफ्यावर सरळ बसतात. चहा घेतात, म्हणतात, छान हाय, छान हाय. पाहुणे आल्यासारखे." त्याने बी थुंकली. "मंग मी टँक बांधला. म्हटलं, पाण्यात तर सरळ बसता येत नाही ना."

मी कलिंगड खाल्लं. माणसाने अशा वेळी काहीतरी बरं बोलायला हवं. मला काही सुचलं नाही, कारण मी फार खूश होतो. गाडीवाला, टेलिफोनवाला माणूस माझ्या गल्लीतून माझ्या खिडकीकडे पाहत जायचा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फ्रिजच्या वेळचे चार दिवससुद्धा वाचले असते.

"पाण्यात भांडतात काय तुमच्याशी?" मी विचारलं.

"कुठं? ते आत अन् मी बाहेर. मले पाण्याचं भेव वाटते जी."

पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत बाकीचं अॅसिड तीन हप्त्यांत गेलं. शेवटची तपासणी मी काठावरच केली. अल्कलिनिटी एकशे दहा, पीएच सात पूर्णांक सहा. तळाच्या फरशीवर पडलेलं आंब्याचं पान स्पष्ट दिसत होतं. मेहुणीने भीत भीत हळदीची चिमूट सोडली. ती पिवळीच राहिली आणि पसरत गेली. तिने मला वाकून नमस्कार केला. "भाऊजी, नजर उतरली हो." 

रविवारी मी जाणार नव्हतो. बायको आंघोळ करून तयार झाली, पोहे केलेच नाहीत, आणि म्हणाली, "बाबा तिकडेच येणार. तुम्हाला इथं रुसून बसायचं असेल तर बसा. वरण झाकून ठेवलं आहे."

"मी रुसलो नाही."

"नाही ना? मग चला."

मी गेलो. मामाजी पायरीवर बसून होते आणि अजून उतरले नव्हते. मला पाहताच म्हणाले, "या, या. म्हटलं तुम्ही पाहून सांगाल तवा उतरू." मी नमुना काढला, पाहिला, मान हलवली. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. पाणी छातीला आल्यावर त्यांनी कठडा सोडला आणि चालायला लागले. काठी वर पायरीवर होती. ते समोरच्या भिंतीपर्यंत गेले, हात न लावता वळले आणि परत आले, स्टेशनावर गाडीच्या कडेने चालतात तसे, मान ताठ करून. माझ्या सतरंजीवरून उठायला ज्यांना माझा खांदा लागायचा ते हेच.

मला त्या पाण्याचाच हेवा वाटला. एक्कावन्न हजार लिटर, आणि प्रत्येक लिटरचा हिशेब मी केलेला. मी ते तयार करून दिलं होतं आणि ते त्यांना उचलून धरत होतं.

साडू काठावर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "उतरा ना भाऊ. टॉवेल आहे."

"तुम्ही उतरा. तुमचा टँक आहे."

"मले भेव वाटते म्हटलं ना."

"मलाही वाटते."

"तिकडं काहून उभे हाय दोघंही पोलिसासारखे?" मामाजी ओरडले. "मोठे जवाई, तीन फुटाच्या बाजूनं या. कोनी बुडत नाही इथं. पाय ठेवाल तिथं फरशी हाय."

मी बनियन काढला नाही. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती, ती घालून पायरी उतरलो. पाणी मांडीला लागलं आणि श्वास अडकला. तिसऱ्या पायरीवर पाय सरकला. मामाजींनी माझं मनगट धरलं. आजवर ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, तसा मी माझा त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"हळू," ते म्हणाले. "टाच आधी. हां. आता चाला. घाबरता कायले? पाणी तर तुम्हीच केलं."

आम्ही चालायला लागलो. ते मला धाकट्या पोराच्या नोकरीचं सांगायला लागले, कुणाकडे तरी शब्द टाकायचा की नाही ते. मी म्हटलं टाकू नका. ते म्हणाले, तुम्हाले काय समजते, रेल्वेत असंच चालते. आवाज वाढला. त्यांनी पाण्यावर हात आपटला, माझ्या चष्म्यावर थेंब उडाले.

काठावरून साडूने विचारलं, "मामाजी, कसं आहे जी पाणी?"

मामाजींनी मागे पाहिलंही नाही. "मोठ्या जवायाले विचारा. पाणी त्यायचं हाय."

मी वळून साडूकडे पाहिलं. त्याचा एक हात कूलरच्या सांगाड्यावर होता, तोंडावर हसू होतं आणि ते तिथं नुसतं ठेवल्यासारखं होतं. मी त्याला आकडे सांगितले. एकशे दहा. सात पूर्णांक सहा. लागतं त्यापेक्षा जरा सावकाश सांगितले. मग आम्ही पलीकडच्या भिंतीकडे निघालो, पुन्हा नोकरीवरून वाद घालत.

अर्ध्यावर गेलो असू, मागून पायरीवर पाय पडल्याचा आवाज आला, मग पाण्यात कुणीतरी धप्पकन उतरल्याचा, आणि मग साडूचं "अरे बाप्पा!" पाण्याची लाट आमच्या पाठीवर येऊन आदळली. मी वळून पाहिलं नाही. मामाजी वळायला लागले तेव्हा मी त्यांचा हात जरा घट्ट धरला आणि म्हटलं, "बरं मग, शब्द टाकायचा म्हणता तर कुणाकडे टाकायचा?"